वस्तू दुसऱ्याची, वही आपली



जालन्याहून देऊळगाव राजाची वाट धरली म्हणजे थोड्याच वेळात मराठवाडा मागे पडतो आणि वऱ्हाड लागतो. हा वऱ्हाड प्रांत एके काळी भाडेपट्ट्याने दिलेला होता असे सांगितले, तर आज पुष्कळांस नवल वाटेल. इ. स. १८५३ मध्ये निजामाने तो इंग्रजांच्या हवाली केला, तो ‘हैदराबाद कंटिंजंट’ या फौजेचा खर्च भागावा म्हणून. या फौजेचे एक ठाणे आपल्या जालन्याच्या छावणीत होते. पुढे १९०२ साली लॉर्ड कर्झन आणि निजाम मीर महबूब अली खान यांच्यामध्ये नवा करार ठरला, आणि दरसाल २५ लक्ष रुपये भाड्याच्या बोलीवर वऱ्हाड इंग्रज सरकारास कायमच्या पट्ट्याने मिळाला. मालकी निजामाची, हे कागदावर कबूल होते. वसूल, कचेऱ्या, पोलीस आणि न्यायनिवाडा मात्र इंग्रजांच्या हाती.

इतिहासकार या कराराकडे राजकारण म्हणून पाहतात. मुनिमाच्या दृष्टीने पाहिले तर निराळाच प्रश्न उभा राहतो. इंग्रजांच्या वहीत हे २५ लक्ष दरसालचा किरकोळ खर्च म्हणून लिहावेत, की एका प्रांताच्या उपभोगाचा हक्क एका बाजूस आणि त्यापोटीचे कायमचे देणे दुसऱ्या बाजूस, असे लिहावे? शेकडा ४ व्याजाने हिशेब केला, तर कायम द्यावयाच्या २५ लक्षांचे त्या दिवशीचे मोल सव्वासहा कोटी भरते; शेकडा ५ धरला, तर पाच कोटी. खर्च म्हणून लिहिणाऱ्याच्या वहीत यांपैकी एकही आकडा दिसणार नाही.

असो. आज माझा विषय प्रांतांचा नसून यंत्रांचा, गोदामांचा आणि मोटारींचा आहे. प्रश्न मात्र अक्षरशः तोच आहे. जी वस्तू आपली नाही, परंतु जी ठराविक मुदतीपर्यंत आपल्याच ताब्यात राहणार आहे आणि जिचे भाडे टाळता येणार नाही, ती कंपनीच्या वहीत कशी लिहावी?

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी निराळा झाला. परंतु व्यापाराचे गाव म्हणून जालन्याची ख्याती त्याहून कितीतरी जुनी. सळई करणारे पोलादाचे कारखाने आणि बियाण्यांच्या कंपन्या ही आज या गावच्या उद्योगाची दोन ठळक अंगे आहेत. या कारखान्यांतून फिरून पाहिले, तर पायाखालची जमीन औद्योगिक विकास महामंडळाच्या पट्ट्याची, माल उचलणारी क्रेन कोणा ठेकेदाराची, गोदाम तिसऱ्याचे, असा प्रकार पुष्कळ ठिकाणी आढळतो. यात वावगे काहीच नाही. भांडवल अडकवून न ठेवता धंदा चालविणे हे शहाणपणच आहे. पण हे शहाणपण वहीत कसे उमटते, इकडे लक्ष देणारे थोडे.

दोन कारखाने कल्पनेने डोळ्यांपुढे आणू. दोघेही सळई करतात, दोघांचाही माल सारखाच खपतो. दोघांनाही अवजड माल उचलणारी फिरती क्रेन हवी आहे. आपल्याकडे तिला ‘हायड्रा’ म्हणतात. पहिला बँकेचे कर्ज काढून ती विकत घेतो. दुसरा तीन वर्षांच्या पट्ट्याने घेतो, दरसाल वर्षअखेरीस ४ लक्ष रुपये भाडे, मध्येच परत करण्याची मुभा नाही. पहिल्याच्या ताळेबंदात एका बाजूस यंत्र आणि दुसऱ्या बाजूस कर्ज दिसते. दुसऱ्याच्या वहीत जुन्या पद्धतीप्रमाणे वर्षअखेर एकच नोंद होते: भाडे खाते नावे ४ लक्ष, बँक खाते जमा ४ लक्ष. ताळेबंदात यंत्र नाही आणि देणेही नाही. कारखाना कसा हलका, निर्लेप, कर्जमुक्त दिसतो!

आता सळईचा भाव पडतो, मागणी थांबते, भट्टी महिनोन्‌महिने थंड राहते. घर फिरले म्हणजे घराचे वासेही फिरतात. पहिल्याच्या दारी बँकेचा माणूस येतो, दुसऱ्याच्या दारी हायड्रावाला. रक्कम दोघांनाही चुकविता येत नाही. फरक एवढाच, की पहिल्याचे ओझे त्याला उधार माल देणाऱ्या भंगारवाल्या व्यापाऱ्याने आधीच ताळेबंदात वाचले होते. दुसऱ्याचे त्याला आज प्रथमच कळते. ज्याचे पैसे बुडायचे त्यालाच जर ही गोष्ट शेवटी कळत असेल, तर हिशेब लिहिला कोणासाठी?

ही लबाडी नव्हे. नियमच तसा होता आणि बऱ्याच कंपन्यांसाठी अजूनही आहे. आपल्या देशात या बाबतीत ‘एएस १९’ हे हिशेब-मानक २००१ पासून लागू आहे. ते पट्ट्यांचे दोन वर्ग पाडते. मुदतीअखेर वस्तू पट्टेदाराचीच होणार असेल, किंवा वस्तूच्या उपयोगी आयुष्याचा मोठा भाग पट्ट्यातच सरणार असेल, किंवा भाड्यांचे आजचे मोल वस्तूच्या जवळजवळ पूर्ण किमतीएवढे होत असेल, तर तो वित्तीय पट्टा. म्हणजे नाव भाड्याचे, पण मुळात हप्त्याने केलेली खरेदी. तो ताळेबंदात घ्यावा लागतो. बाकीचे सारे चालू पट्टे. त्यांचे भाडे खर्चात टाकले की काम संपले. अशी रेघ एकदा ओढली की रेघेच्या अलीकडे बसण्याची कला जन्माला येते. अमेरिकेत १९७६ सालच्या मानकाने ही रेघ भाड्यांचे मोल वस्तूच्या किमतीच्या शेकडा ९० अशी आखली, आणि मग शेकडा ८९ वर येऊन थांबणारे करार निघू लागले. आंतरराष्ट्रीय हिशेब-मानक मंडळाचे २००१ ते २०११ पर्यंतचे अध्यक्ष सर डेव्हिड ट्वीडी विनोदाने म्हणत, की जे विमान त्या विमान-कंपनीच्या ताळेबंदात दाखविलेले आहे अशा विमानातून मरण्यापूर्वी एकदा प्रवास करावयाची आपली इच्छा आहे. विनोद खरा, पण त्यात वैताग किती होता हेही लक्षात येते.

त्या मंडळाचे नवे मानक जानेवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे तेच ‘इंड-एएस ११६’ या नावाने १ एप्रिल २०१९ पासून अमलात आले. पट्टेदारापुरती ती जुनी रेघ पुसली गेली. मुदत बारा महिन्यांहून अधिक असेल आणि वस्तू अगदी अल्प मोलाची नसेल, तर पट्टा कोणत्याही जातीचा असो, तो ताळेबंदात आलाच पाहिजे.

तो कसा येतो हे आता आकड्यांनीच पाहू. श्रोत्यांनी कागद-पेन्सिल जवळ घेतल्यास बरे. आपली हायड्रा तीन वर्षे, दरसाल अखेरीस ४ लक्ष. एकंदर द्यावयाचे १२ लक्ष. पण उद्याचा रुपया आजच्या रुपयाएवढा नसतो, हे सावकारी पाहिलेल्या गावाला सांगावयास नको. कंपनीस शेकडा १० व्याजाने कर्ज मिळते असे धरू. त्या दराने पहिल्या वर्षाअखेरच्या ४ लक्षांचे आजचे मोल ३,६३,६३६ रुपये, दुसऱ्याचे ३,३०,५७९, तिसऱ्याचे ३,००,५२६. बेरीज ९,९४,७४१ रुपये. पट्टा सुरू होण्याच्या दिवशी रोजकीर्दीत नोंद करावयाची ती या रकमेची: हायड्रा वापर-हक्क खाते नावे ९,९४,७४१, पट्ट्याचे देणे खाते जमा ९,९४,७४१. एक पैसाही हातचा गेलेला नाही, तरी नोंद झाली. पुष्कळ मुनीम येथेच अडखळतात. रोकड हलली नाही तर कीर्द कशाची, असे ते विचारतात. उत्तर इतकेच, की उधारीने माल घेतला तेव्हाही रोकड हललेली नसते.

पहिले वर्ष संपले. देण्यावर शेकडा १० प्रमाणे व्याज ९९,४७४ रुपये: व्याज खाते नावे, पट्ट्याचे देणे खाते जमा. मग भाडे दिले: पट्ट्याचे देणे खाते नावे ४ लक्ष, बँक खाते जमा ४ लक्ष. देणे उरले ६,९४,२१५. आणि हक्काचा तिसरा हिस्सा उपभोगून संपला म्हणून घसारा ३,३१,५८०: घसारा खाते नावे, वापर-हक्क खाते जमा. दुसऱ्या वर्षी व्याज ६९,४२१, देणे उरते ३,६३,६३६. तिसऱ्या वर्षी व्याज ३६,३६४, आणि शेवटचे भाडे देताच देणे शून्य. हक्काचे खातेही त्याच दिवशी शून्यावर येते.

आता नफा-तोटा पत्रकाकडे वळा. जुन्या पद्धतीत दरसाल सारखाच ४ लक्षांचा बोजा. नव्या पद्धतीत पहिल्या वर्षी व्याज व घसारा मिळून ४,३१,०५४. दुसऱ्या वर्षी ४,०१,००१. तिसऱ्या वर्षी ३,६७,९४५. बेरीज दोन्हीकडे १२ लक्षच. म्हणजे नवी पद्धत खर्च वाढविते ही ओरड खरी नाही. ती तो अलीकडे ओढते. मात्र एक गंमत होते. व्याज आणि घसारा वजा करण्यापूर्वीचा नफा पाहण्याची बँकांस सवय असते. भाडे त्या जागेवरून उठून खालच्या ओळींत गेल्यामुळे तो नफा एकाएकी फुगलेला दिसतो. कारखान्यात एक सळईही अधिक निघालेली नसते. कर्जमंजुरीच्या वेळी हे ध्यानात न घेणारा अधिकारी फसेल, आणि दोष मानकाचा नसेल.

गणित येथवर सोपे आहे. अवघड भाग गणिताच्या अलीकडे आहे, आणि तो म्हणजे पट्टा कशास म्हणावे. कागदावर ‘भाडेकरार’ लिहिले म्हणून पट्टा होत नाही आणि ‘सेवा-करार’ लिहिले म्हणून तो टळत नाही. एखाद्या बियाणे कंपनीने शीतगृहातील ठराविक दालन तीन वर्षे आपल्याकरिता राखून घेतले, किल्ली तिच्याकडे, काय व केव्हा ठेवावयाचे ते तीच ठरविते, हा पट्टा. तीच कंपनी ‘आमची इतकी पोती सांभाळा, कोठेही ठेवा’ असे म्हणते, तेव्हा शीतगृहवाला पोती आज येथे, उद्या तेथे हलवू शकतो. हा पट्टा नव्हे, ही नुसती सेवा. मालमोटारींचेही तसेच. अमुक क्रमांकाच्या चार गाड्या वर्षानुवर्षे आपल्याच हुकमतीत असतील, तर पट्टा. वाहतूकदार पाठवील ती गाडी चालत असेल, तर नाही. आपल्या हायड्राच्या भाड्यात चालकाचा पगार आणि दुरुस्ती धरली असेल, तर तेवढा भाग सेवेचा समजून सामान्यतः वेगळा काढावा. तो ताळेबंदात चढवू नये.

बीजोत्पादनाच्या शेताविषयी मला नेहमी विचारणा होते. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको स्थापन केली. शेतकऱ्याने आपल्या रानात कंपनीचे मूळ बियाणे लावावयाचे, कंपनीच्या माणसाने देखरेख करावयाची आणि तयार बी कंपनीने उचलावयाचे, हा व्यवहार या भागाच्या अंगवळणी पडलेला आहे. सारे पीक कंपनीचे, मग रान कंपनीने पट्ट्याने घेतले असे म्हणावयाचे काय? माझे मत नाही असे आहे. नांगरट, पाणी, मजूर यांचा निर्णय शेतकऱ्याचा आणि रानही त्याच्याच हुकमतीत. शिवाय करार एका हंगामाचा, म्हणजे बारा महिन्यांच्या आतला. पट्टा मानला तरी त्यास सवलत आहेच. तेव्हा येथे वाद घालण्यात फारसा अर्थ नाही.

मुदतीचा प्रश्न मात्र खरोखरीच सचोटीचा आहे. जागा तीन वर्षांच्या कराराने घेतली, पुढे आणखी सहा वर्षे वाढविण्याचा हक्क राखला, आणि त्या जागेवर लाखो रुपये खर्चून बियाणे-प्रक्रियेचे शेड उभारले. वहीत मुदत किती धरावी? ‘आमचा करार तीनच वर्षांचा’ असे म्हणणारा व्यवस्थापक आपल्या शेडकडे पाठ करून बोलत असतो. एवढा खर्च करून तिसऱ्या वर्षी कोणी उठून जात नाही. म्हणून नऊ वर्षांची भाडी हिशेबात घेतली पाहिजेत.

औद्योगिक विकास महामंडळाच्या जमिनीची गोष्ट निराळी आहे. हे महामंडळ १९६२ पासूनचे. त्याचे भूखंड ९५ वर्षांच्या पट्ट्याने मिळतात, अधिमूल्य आरंभी एकदम भरावयाचे आणि पुढे वार्षिक भाडे नाममात्र. ‘एएस १९’ जमिनीच्या पट्ट्यास लागूच नाही, ही गोष्ट मुरलेल्या हिशेबनिसांच्याही ध्यानात नसते. रीत अशी, की अधिमूल्य पट्ट्याची जमीन म्हणून निराळे दाखवावे आणि मुदतीवर पसरून खर्चात टाकावे. अधिमूल्य ३८ लक्ष असेल, तर दरसाल ४० हजार. ‘९५ वर्षे म्हणजे जन्म गेला, आता घसारा कशाचा’ असे म्हणणारे मालक भेटतात. स्वतःच्या मालकीच्या जमिनीस घसारा नसतो, तोच नियम ते येथे लावतात. याहून अधिक नजरेआड होणारी चूक हस्तांतराची. मूळ पट्टेदाराकडून ३० वर्षांनी भूखंड आपल्याकडे आला, ५२ लक्ष दिले. उरलेली मुदत ६५ वर्षे, म्हणून दरसाल ८० हजार. ९५ नी भागले तर ५४,७३७ येतात आणि पट्टा संपल्यावरही वहीत जमीन शिल्लक राहते!

पट्टा देणाराच्या वहीविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे, कारण नव्या मानकाने त्याची रीत फारशी बदलली नाही. आपला हायड्रावाला क्रेन स्वतःच्याच ताळेबंदात ठेवतो, तिचा घसारा काढतो आणि भाडे उत्पन्नात घेतो. एकच क्रेन दोन वह्यांत कशी, असा आक्षेप येतो. एकाच्या वहीत क्रेन आहे, दुसऱ्याच्या वहीत तिचा तीन वर्षांचा वापर आहे. या दोन वस्तू निराळ्या. आयकराचा घसारा मात्र मालकाचा. पट्ट्याने दिलेल्या मोटारींवर तो मालक-कंपनीस मिळतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ठरविले आहे. पट्टेदाराने आयकराच्या हिशेबात वापर-हक्काचा घसारा मागू नये, दिलेले भाडे दाखवावे. दोन हिशेबांतील तफावतीची निराळी नोंद ठेवावी लागते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ‘इंड-एएस ११६’ हे शेअरबाजारात नोंदलेल्या मोठ्या कंपन्यांना आणि ज्यांचे निव्वळ मूल्य २५० कोटी किंवा अधिक आहे अशांना लागू आहे. जिल्ह्यातील बहुसंख्य खाजगी कंपन्या ‘एएस १९’ च्याच छत्राखाली आहेत. त्या छत्राखालीही, परत न करता येणाऱ्या पट्ट्यांची पुढची भाडी किती, एका वर्षात किती, पाच वर्षांपर्यंत किती आणि त्यापुढे किती, हे टिपेत सांगण्याचा नियम आहे. परंतु २०२१ च्या नियमांनी २५० कोटींपर्यंत उलाढाल व ५० कोटींपर्यंत कर्ज असलेल्या, बाजारात न नोंदलेल्या लहान कंपन्यांस ‘लहान व मध्यम’ म्हणून जी मोकळीक दिली, तीत ही टीपही येते. म्हणजे आपल्या दुसऱ्या कारखान्याच्या ताळेबंदात हायड्राचे देणे नसते आणि टिपेतही नसले तरी तो नियमभंग होत नाही.

मला ही सवलत पटत नाही. मोठ्या कंपनीचे बरेवाईट पाहण्यास बाजार, विश्लेषक आणि वर्तमानपत्रे बसलेली असतात. लहान कंपनीस उधार देणारा मात्र त्याच गावचा असतो: भंगारवाला, कोळसेवाला, बियाणे पॅकिंगच्या पिशव्या पुरविणारा. त्याच्यापाशी ताळेबंदाखेरीज दुसरा डोळा नसतो, आणि भागीदार-भावाकडेही नसतो. नियम सक्ती करीत नसला तरी मनाईही करीत नाही. टीप एका परिच्छेदाची. प्रत्येक पट्ट्याची तारीख, मुदत, भाडे आणि परत करण्याची अट एवढे एका कागदावर मांडले, तरी त्यातून ती तयार होते. आणि ज्यास उधार द्यावयाचे आहे त्याने ती टीप मागावी. मागण्यात संकोच कसला?

एक शेवटची नोंद राहिली, कारण व्यवहारात पट्टे मुदतीपर्यंत टिकतातच असे नाही. आपल्या हायड्राचा पट्टा दुसऱ्या वर्षाअखेर, त्या वर्षाचे भाडे चुकते करून, दोघांच्या संमतीने मोडला असे समजा. नव्या मानकाप्रमाणे त्या दिवशी देणे शिल्लक ३,६३,६३६ आणि वापर-हक्क शिल्लक ३,३१,५८१. दोन्ही खाती बंद करावयाची: पट्ट्याचे देणे नावे, वापर-हक्क जमा, आणि ३२,०५५ रुपयांचा फरक नफा-तोटा खाती जमा. हायड्रावाल्याने करार मोडल्याबद्दल ५० हजार मागून घेतले असतील, तर तेवढे त्याच खाती नावे पडतात, आणि व्यवहार १७,९४५ रुपयांच्या तोट्यात मिटतो.